दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात

मे १९८९ मध्ये एका मंगळवारी दुपारी चारनंतर, जळगावच्या मेहरूण भागात, माझ्या थोरल्या बहिणीला श्वास घेता येईनासा झाला. त्या वेळी बाहेर धुळीचे वादळ होते. बहीण घरात होती. दारे-खिडक्या बंद होत्या.

तिला गल्लीत सगळे अक्का म्हणत. मीही. तिचे यजमान लवकर वारले, मूलबाळ नव्हते. मी जळगावच्या एका दैनिकात उपसंपादक म्हणून लागलो तेव्हापासून तिच्याकडेच राहत होतो. आम्ही मूळचे धुळ्याचे, देवपुरातले.

अक्काने बरीच वर्षे एका डाळ मिलमध्ये चाळणीवर काम केले. डाळ चाळली जाते तेव्हा टरफलाची बारीक पिवळी पूड उडते. ती केसांत बसते, पापण्यांवर बसते. मिलमधल्या बायका तोंडाला पदर बांधत आणि सुटी झाली की गुळाचा खडा खात. गुळाने छातीतली धूळ उतरते अशी समजूत होती. मालक गूळ फुकट देई. अक्काने तो नेमाने खाल्ला. चाळिशी उलटली आणि तिला दमा असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. मिल सुटली. गुळाची सवय राहिली.

दम्याचा जोर वर्षातून दोनदा होई. एकदा थंडीत, कापसाच्या पऱ्हाट्या जळत तेव्हा. दुसऱ्यांदा उन्हाळ्यात. एप्रिल-मेमध्ये खानदेशात शेते नांगरून पडलेली असतात, नद्या कोरड्या असतात, आणि वारा पश्चिमेकडून येतो. दुपारनंतर आकाश आधी पिवळे, मग मातकट होते. धुळ्यात हे आधी दिसते, जळगावला दोन-तीन तासांनी. हे कोणी शोधून काढले नव्हते. या रस्त्यावरच्या एसटी चालकांना, केळीच्या ट्रकवाल्यांना ते माहीत होते.

कार्यालयात टेलिप्रिंटरवर रोज हवामानाचा अंदाज येई. मध्य महाराष्ट्रात हवामान कोरडे राहील, एवढेच त्यात असे. मार्चपासून जूनपर्यंत हे वाक्य बदलत नसे. छापखान्यातल्या जुळाऱ्याने ते शिशाच्या खिळ्यांत एकदा जुळवून बाजूला ठेवले होते, रोज तेच उचलून लावी. धुळीबद्दल त्यात काही नसे. धूळ हा हवामानाचा भाग आहे असे तेव्हा कोणी मानत नव्हते.

आमचे धुळ्याचे वार्ताहर हे निवृत्त शिक्षक होते. देवपुरात पांझरेच्या काठाजवळ राहत. सगळे त्यांना नाना म्हणत. रोज दुपारी एकच्या सुमारास ते ट्रंक कॉल लावून धुळ्याच्या बातम्या सांगत आणि मी त्या उतरून घेत असे. बातम्या संपल्या की मी विचारायचो, "नाना, हवा?"

नाना फोन हातात धरून खिडकीपर्यंत जात. वायर तेवढीच पुरे.

"पिवळं आहे. पलीकडचा काठ दिसत नाही."

"म्हणजे येणार?"

"पाठवली आहे तुमच्याकडे. मिळाल्याची पोच द्या."

मग मी आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात फोन करायचो. गल्लीत फोन तिथेच होता. दुकानदार ओट्यावर येऊन ओरडे, "अक्का, भावाचा फोन! धूळ निघाली धुळ्याहून!" अक्का उत्तर देत नसे. खिडक्या लावल्याचा आवाज आला की दुकानदार मला सांगे, "लावल्या." एवढ्यावर फोन संपे.

दुकानदाराचे ओरडणे सगळ्या गल्लीला ऐकू जाई, आणि मे महिन्यात गल्लीच्या सगळ्या गच्च्यांवर वाळवण पडलेले असे. उडदाचे पापड, ज्वारीची बिबडी, कुरडया. ओल्या पापडावर धूळ बसली की तो पापड गेला. पुसता येत नाही, झटकता येत नाही, तळल्यावर दातांखाली कचकचतो. दोन-चारदा दुकानदार ओरडला आणि मागोमाग खरेच धूळ आली, तेव्हापासून तो ओरडला की तासाभरातच बायका जुन्या साड्यांची चारी टोके धरून वाळवण खाली उतरवू लागल्या. अंदाज अक्काच्या छातीसाठी होता. गल्लीने तो पापडांसाठी घेतला.

एकदा अंदाज चुकला. नानांनी पिवळे सांगितले, वारा मध्येच पडला, धूळ आलीच नाही. समोरच्या घरातल्या बाईंनी मला संध्याकाळी दारातच गाठले. त्या साक्री तालुक्यातल्या, पिंपळनेरकडच्या. सगळे त्यांना वहिनी म्हणत.

"भाऊ, तुमनी धूय कोठे ऱ्हायनी? एरंडोलले उतरनी का?"

अक्का आतून म्हणाली, "बसली असेल एखाद्या पाव्हण्याकडे जेवायला."

दोघी बराच वेळ हसल्या. अक्काला हसताना खोकला येई, तो त्या दिवशीही आला.

१९८८च्या उन्हाळ्यात ही गोष्ट संपादकांच्या कानावर गेली. कार्यालयाच्या दाराबाहेर एक फळा होता. मोठी बातमी आली की अंक निघण्याआधी ती खडूने त्यावर लिहीत. निवडणुकीचे निकाल, दरोडा, कापसाचा भाव. लोक सायकलवरून उतरून वाचत. संपादक म्हणाले, धुळीचेही लिहा. मी लिहिले, "आज दुपारनंतर धुळीचे वादळ येण्याची शक्यता." संपादकांनी बाहेर येऊन वाचले.

"नुसतं येणार म्हणून काय उपयोग? लोकांनी करायचं काय ते लिहा."

खाली एक ओळ वाढली. "दम्याच्या रुग्णांनी घराबाहेर पडू नये. दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात." पुढे ती ओळ रोज पुसणे बंद झाले. धूळ नसलेल्या दिवशीही ती फळ्याच्या तळाशी तशीच असे.

आमच्या घराची पुढची खोली मोठी होती. त्या वर्षी मी सुताराकडून तिचे दार रंधा मारून नीट बसवून घेतले. खिडक्यांच्या फटींत जुन्या धोतराच्या पट्ट्या ठोकल्या. उंबऱ्याशी ओला पंचा पिळून लावला की गल्लीत कितीही वादळ असले तरी खोलीत धूळ येत नसे. दिव्याखाली पाहिले तरी हवेत कण दिसत नसे. मेहरूणमध्ये अशी खोली दुसरी नव्हती, निदान आमच्या गल्लीत नव्हती.

त्याचा परिणाम असा झाला. धुळीच्या दिवशी वाळवण करता येत नाही, म्हणून बायका ते दिवस घरातल्या कामांना ठेवू लागल्या. वर्षाचे गहू चाळणे, डाळी पाखडणे, तिखटासाठी मिरच्यांचे देठ काढणे. ही कामे एकटीने होत नाहीत, कंटाळा येतो. सगळ्यांना बसता येईल अशी, आणि बाहेरून धूळ न येणारी, खोली एकच होती. दुकानदार ओरडला की गच्च्या रिकाम्या होत, आणि थोड्या वेळाने सुपे, चाळण्या, गव्हाची पोती आमच्या पुढच्या खोलीत येत. मग दार लावून घेत. पंचा उंबऱ्याशी अक्का स्वतः लावी.

डॉक्टरांनी मिल सोडायला सांगितल्यापासून अक्का दिवसभर घरात एकटी असे. मी सकाळी जाई, संध्याकाळी येई. त्या खोलीत चाळणी पुन्हा तिच्या हातात आली. तिच्या हाताला मिलची सवय होती. चाळणी ती मनगटाने फिरवी, खांदा हलत नसे. बायकांना ते बघायला आवडे. कोणाच्या सुनेचे काय, कोणाचा नवरा सुरतेहून पैसे पाठवत नाही, हे सगळे तिथे होई. संध्याकाळी मी आलो की अक्का ते मला सांगे, मध्ये थांबून श्वास घेई, पुन्हा सांगे.

मी एकदा म्हणालो, "चाळणी तू नको धरूस. बाकीच्या आहेत ना."

"ही काय मिल आहे? घरचे गहू आहेत. बाहेरची धूळ येते का आत? तूच तर पट्ट्या ठोकल्यास."

त्या मंगळवारी नानांचा फोन नेहमीच्या वेळी आला. धुळ्याच्या दोन बातम्या होत्या, एक पाण्याच्या टँकरची, एक बाजार समितीची. मग हवा.

"आज जास्त आहे. समोरचं झाडही दिसेना झालंय. आधीच लावा सगळं."

मी फळा लिहिला आणि दुकानात फोन केला. दुकानदार थोड्या वेळाने म्हणाला, "लावल्या."

पुढचे मी पाहिलेले नाही. खोलीत अक्काखेरीज तिघी होत्या. त्यांनी नंतर जे सांगितले ते बहुतेक जुळते. जिथे जुळत नाही ते मी सोडले आहे.

वहिनींनी वर्षाच्या मिरच्या आणल्या होत्या. दुसरीने गहू. तिसरी मदतीला आली होती. देठ काढायला दोघी बसल्या, गहू अक्का चाळत होती. वादळ चारच्या सुमारास आले. पत्रे वाजू लागले, उजेड गेला, दिवा लावावा लागला. खोलीत धूळ आली नाही. तिघींनीही हे मला मुद्दाम सांगितले. चिमूटभरही आली नाही, असे.

मिरचीच्या खाटाने, नाकात चढणाऱ्या तिखट वासाने, सगळ्याच खोकत होत्या. मिरचीच्या कामात खोकला येतोच, त्यावर थट्टाही होते. कोणीतरी म्हणाले, आज चौघींचे भजन चालले आहे. अक्काही हसली. मग तिने चाळणी खाली ठेवली. तिघींना वाटले, गहू संपले.

"बठ्ठ्याच खोकलत व्हत्यात," वहिनी मला नंतर म्हणाल्या, "तिनाकडे कोण दखी?"

थोड्या वेळाने अक्काने दाराकडे हात केला. तोंडाने काही बोलली नाही. वहिनींना वाटले, उंबऱ्याशी फट राहिली आहे आणि धूळ आत येते आहे. त्या उठल्या, पंचा पुन्हा भिजवून पिळला आणि फटीत आणखी दाबून बसवला. अक्काने पुन्हा हात केला. वहिनींनी खिडकीच्या पट्ट्या चाचपून पाहिल्या. त्या घट्ट होत्या.

दार शेवटी अक्कानेच उघडले. ती बसल्याजागेवरून सरकत गेली, पंचा ओढून काढला, कडी काढली आणि उंबऱ्यावर आडवी पडली. धूळ आत आली. तिघी ओरडल्या. त्यातल्या एकीने आधी दार परत लावण्याचा प्रयत्न केला. अक्का मध्ये असल्यामुळे ते लागले नाही.

दुकानासमोर तेलाचे डबे घेऊन आलेला एक टेम्पो वादळ ओसरण्याची वाट पाहत थांबला होता. दुकानदाराने चालकाला गदागदा हलवून उठवले. अक्काला त्यातून नेले. वहिनी बरोबर गेल्या. दिवे लावून, माणसाच्या चालीने टेम्पो गेला, कारण पुढचे दिसत नव्हते. दुकानदाराने मला फोन केला तेव्हा त्याचे पहिले वाक्य होते, "भाऊ, अक्का घरातच होती."

मी पोहोचलो तेव्हा ऑक्सिजन लावला होता, इंजेक्शन देऊन झाले होते. पावसाळ्याच्या तोंडावरच्या त्या वादळात दवाखान्यात बरेच रुग्ण आले होते. शेतातून आलेला एक म्हातारा, एसटीतून उतरलेली माणसे. सगळ्यांचे कपडे मातकट होते. अक्काचे नव्हते. तिच्या केसांत आणि भुवयांवर पांढरट पूड होती.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी तिच्या कपाळावरून बोट फिरवून पाहिले.

"या कुठं होत्या? रस्त्यावर?"

वहिनी म्हणाल्या, "नही हो डॉक्टरसाहेब, घरमा. दार लाईसन."

"मग हे काय?"

"गहू चाळत व्हत्यात. अन् मिरची."

"दार लावून?"

"धूळ येणार होती ना," वहिनी म्हणाल्या. हे त्या आमच्यासारख्या मराठीत म्हणाल्या, प्रत्येक शब्द वेगळा करून. "फळ्यावर लिहिलं होतं."

डॉक्टर माझ्याकडे वळले. मी कोण हे त्यांना सांगितलेले नव्हते. ते म्हणाले, "बाहेरची काय, घरातली काय, छातीला दोन्ही सारखीच. बाहेरची निदान वाऱ्यानं पुढं तरी जाते." मग ते शेतातून आलेल्या म्हाताऱ्याकडे गेले.

त्या रात्री मी कार्यालयात परतलो तेव्हा दवाखान्याची बातमी आली होती. वार्ताहराने लिहिले होते की वादळामुळे मेहरूण भागातील एक महिला अत्यवस्थ झाली. मजकूर तपासण्याचे काम माझ्याकडे होते. मी "वादळामुळे" खोडून "वादळाच्या वेळी" केले. बातमी तशी छापली गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी नाना म्हणाले, "कालची पोच दिली नाही." मी त्यांना सांगितले. मग त्यांनी बातम्या सांगायला घेतल्या.

आठवड्याने अक्का घरी आली. डॉक्टरांनी चाळणी, सूप, मिरची, झाडू, सगळे बंद केले. पंप दिला. पंपाची सवय लागते अशी तेव्हा समजूत होती, म्हणून ती तो डब्यात लपवून ठेवी आणि पाहुणे गेल्यावर ओढी. घरात धूळ होईल असे काहीही करायचे नाही, आणि खोली अशी कोंडायची नाही, असे बजावले होते. खिडक्यांच्या पट्ट्या मी काढल्या.

"मग मी करू काय?" ती म्हणाली. "भिंतीकडं तोंड करून बसू?"

फळ्याबद्दल मी संपादकांशी बोललो. त्यांनी ऐकून घेतले. दारे-खिडक्यांची ओळ काढली आणि त्या जागी "नागरिकांनी काळजी घ्यावी" असे लिहायला सांगितले. काळजी म्हणजे काय, असे कोणी विचारले नाही.

गल्लीतल्या बायकांनी काळजी घेतली. त्या आमच्याकडे येईनाशा झाल्या. राग नव्हता. अक्काला त्रास नको, एवढेच. वहिनींना त्या दिवसाचे फार लागले होते. "माले वाटनं फट शे," त्या भेटेल त्याला सांगत, "तिनी हात दखाडा, मी पंचा कोंबा." चाळण्याचे काम त्यांनी स्वतःच्या घरी नेले. आमच्या दारासमोरच, गल्ली ओलांडून. त्यांच्या खिडक्यांना आता त्यांनी पट्ट्या ठोकून घेतल्या होत्या. सुतार तोच.

पापड लाटले की अक्काकडे लाट्या येत, तेलात बुडवलेल्या, वाटीत, कोणाच्या तरी लहान मुलीबरोबर. अक्का वाटी घासून परत पाठवी.

"लाट्या पाठवतात," ती मला म्हणाली. "बोलवत नाहीत."

मी म्हणालो, "डॉक्टरांनी सांगितलंय."

"लाटायला काय धूळ लागते? भिजवलेल्या पिठाची?"

मी हे वहिनींना सांगितले. त्या म्हणाल्या, "बरोबर शे भाऊ, पण त्याच खोलीमा गहू पडेल शेतस. परत काही व्हयनं तर?" मी ते अक्काला सांगितले नाही. ती न विचारता समजली असावी, कारण तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

त्या हिवाळ्यात पऱ्हाट्यांच्या धुराने ती दोनदा आजारी पडली. दवाखान्यात न्यावे लागले. दुसऱ्या वेळी परत आल्यावर तिला जिना चढता येईना, म्हणून गच्ची बंद झाली. आमच्या गच्चीवर समोरच्यांचे वाळवण पडू लागले.

१९९०च्या मे महिन्यातल्या पहिल्या धुळीच्या दिवशी नानांचा फोन नेहमीच्या वेळी आला. बातम्या झाल्या. मी विचारले, "हवा?"

"पिवळं आहे," ते म्हणाले. आता ते पोचेबद्दल बोलत नसत.

मी फळा लिहिला, खाली काळजी घेण्याची ओळ लिहिली आणि दुकानात फोन केला. दुकानदार ओट्यावर जाऊन ओरडला. बऱ्याच वेळाने परत आला. नेहमीचा शब्द त्याने म्हटला नाही. म्हणाला, "आवाज नाही आला, भाऊ. बघतो."

सुटी मिळायला तीन वाजले, मग मी घरी निघालो. रिक्षा पोहोचेपर्यंत वादळ आले होते. गल्लीत कोणी नव्हते, गच्च्या रिकाम्या होत्या. समोर वहिनींच्या घराची दारे-खिडक्या लावलेल्या होत्या. आतून चाळणीचा आवाज येत होता, मध्येच हसण्याचा.

आमचे दार उघडे होते. अक्का पायरीवर बसली होती, नाकातोंडाला ओला पंचा बांधून, समोरच्या दाराकडे तोंड करून. तिच्या केसांत, पापण्यांवर, मांडीवरच्या हातांवर मातकट धूळ होती. दुकानदार तिच्या डोक्यावर पोते धरून उभा होता.

"आत चला म्हणतोय मघापासून," तो म्हणाला. "ऐकतच नाहीत."

अक्काने हाताने त्याला गप्प राहायला सांगितले. समोर कोणीतरी बोलत होते.

वादळ अंधार पडायच्या आत ओसरले. समोरचे दार उघडले, तेव्हा ती उठून आत गेली. त्या दिवशी तिला दवाखान्यात न्यावे लागले नाही.